मनमाडचे जंक्शन आणि पेशी

जे डोळ्यांना दिसत नाही, ते दिसणाऱ्या वस्तूच्या आधाराने समजावून द्यावे, ही मराठीची जुनी रीत आहे. चक्रधरस्वामी गहन तत्त्व साध्या गोष्टींतून सांगत. केसोबासांनी त्या गोष्टी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केल्या. विज्ञानाच्या शिक्षकालाही ही रीत उपयोगी पडते. सजीवाच्या शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक म्हणजे पेशी. बहुतेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मनमाडच्या मुलांना पेशी समजावून द्यावयाची, तर त्यांच्या गावचे रेल्वे जंक्शन हा उत्तम दृष्टान्त होय.

मनमाडला मुंबई–भुसावळ लोहमार्गास दौंडचा आणि छत्रपती संभाजीनगरचा असे दोन मार्ग येऊन मिळतात. स्थानकाच्या दारात तिकीट तपासनीस उभा असतो. पेशीभोवतीचे पटलही असेच निवड करते. काही द्रव्यांना ते आत घेते, काहींना अडवते. कोणती गाडी केव्हा सोडावी, हे वेळापत्रकात लिहिलेले असते. पेशीच्या कामाच्या सूचना केंद्रकातील डीएनएमध्ये साठवलेल्या असतात.

मनमाडच्या रेल्वे कारखान्यात आराखड्याप्रमाणे पुलांचे गर्डर तयार होतात. पेशीतील रायबोझोम केंद्रकातून आलेल्या सूचनांप्रमाणे प्रथिने तयार करतात. गावात अन्न महामंडळाची विस्तीर्ण धान्यगोदामे आहेत. वनस्पतीच्या पेशीत पाणी व इतर द्रव्ये साठवणारी मोठी रिक्तिका असते. पूर्वी वाफेच्या इंजिनात कोळसा जळे आणि त्या शक्तीवर गाडी धावे. पेशीतील तंतुकणिका अन्नद्रव्यांतून प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा मोकळी करतात. मात्र तेथे ज्वाला नसते, हे काम पायरीपायरीने होते.

तथापि दृष्टान्त म्हणजे मूळ वस्तू नव्हे. ‘पेशी’साठी इंग्रजीत रूढ असलेला ‘सेल’ हा शब्दही मुळात एक उपमाच आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने त्यांना ‘सेल’, म्हणजे लहान कोठडी, असे म्हटले. बुचाच्या त्या पेशी मृत होत्या. त्यांच्या केवळ भिंती उरल्या होत्या. म्हणून ते नाव त्यांना शोभले. जिवंत पेशी मात्र रिकामी नसते. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊन याने वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाचे वर्णन करून त्याला नाव दिले. आतली गजबज पुढे हळूहळू उलगडत गेली, तरी कोठडीचे नाव कायम राहिले.

जंक्शनचा दृष्टान्तही असाच एका जागी थांबतो. स्थानक माणसे चालवतात. ती विचार करतात, चुकतात, चूक सुधारतात. पेशीत कोणी स्टेशनमास्तर बसलेला नाही. तेथील सर्व व्यवहार द्रव्यांच्या परस्परक्रियांनी चालतो. शिवाय एका पेशीच्या दोन पेशी होतात. एका जंक्शनची आपोआप दोन जंक्शने झाल्याचे मात्र कोणी पाहिलेले नाही.

म्हणून दृष्टान्त देणाऱ्याने साम्य सांगावे, तसा भेदही सांगावा. साम्यामुळे अपरिचित वस्तू ओळखीची होते. भेदामुळे ती यथार्थ कळते.

स्वाध्याय
१. हूकने दिलेले नाव बुचाच्या पेशींना का शोभले? जिवंत पेशीला ते का अपुरे पडते?
२. आपल्या गावातील बाजार, कारखाना किंवा वाडा यांची पेशीशी तुलना करा. तीन साम्ये व दोन भेद लिहा.