स्पार्क प्लगची सैल तार

ऐन फवारणीच्या वेळी पेट्रोलवर चालणारे पाठीवरील फवारणी यंत्र अडखळू लागले, की पुष्कळ शेतकरी बंधू प्रथम कार्ब्युरेटर खोलतात. तत्पूर्वी स्पार्क प्लगची तार पाहावी. यंत्राच्या कंपनाने तारेची टोपी सैल होते. मग मॅग्नेटोकडून येणारा हजारो व्होल्टचा विद्युद्दाब प्लगपर्यंत नीट पोहोचत नाही व ठिणगी मधूनमधून चुकते.

दुरुस्ती अशी करावी :

१. यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे.

२. तार न ओढता टोपी धरून काढावी.

३. प्लगच्या माथ्यावरील नट सैल असल्यास पकडीने बेताने आवळावा.

४. टोपीतील स्प्रिंग गंजली असल्यास टोपी बदलावी. तारेच्या टोकावर हिरवट कळंक चढला असल्यास सुमारे अर्धा सेंटिमीटर तार कापून टोपी पुन्हा पक्की बसवावी.

५. टोपी प्लगवर घट्ट बसेपर्यंत दाबावी.

तुटलेल्या तारेस पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये. तेथून ठिणगी बाहेर उडते व सांडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते. अशी तार बदलावीच. चालू यंत्राची तार हाताने हलवून पाहणेही धोक्याचे आहे.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच ही तपासणी शेतकऱ्यांकडून स्वहस्ते करवून घ्यावी.