रेघेचा रंग आणि रेघेची जाडी

चित्रकार आंबा पिवळा रंगवितो, कारण पिकलेला आंबा पिवळा असतो. परंतु संगणकावर घराचा नकाशा काढणारा आरेखक भिंत हिरव्या रेघेने आणि परिमाणे लाल रेघेने दाखवितो, तेव्हा भिंतीला हिरवा रंग द्यावा असे त्यास मुळीच सुचवावयाचे नसते. मग हे रंग कशासाठी? या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्यास कळले, त्यास संगणकावरील नकाशा कागदावर नीट उतरविता येईल.

संगणक येण्यापूर्वी आरेखक ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढीत. प्रत्येक जाडीस निराळे पेन असे आणि ते चटकन ओळखता यावे म्हणून त्यावर रंगीत कडे असे. ०.१८ मिलिमीटरच्या पेनास लाल, ०.२५ च्या पेनास पांढरे, ०.३५ च्या पेनास पिवळे, ०.५ च्या पेनास तपकिरी आणि ०.७ च्या पेनास निळे. आत शाई मात्र काळीच! म्हणजे रंग ही केवळ जाडीची खूण होती.

जाडीला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. नकाशात छेदलेली भिंत जाड रेघेने दाखवितात, पलीकडे दिसणारी कड मध्यम रेघेने आणि परिमाणाची रेघ बारीक. सर्व रेघा सारख्याच उमटल्या, तर भिंत कोठे संपली व माप कोठे सुरू झाले हे गवंड्यास कळणार नाही. वरील आकड्यांतही एक मौज आहे. प्रत्येक जाडी मागील जाडीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी पट आहे. ए२ कागदाची लांबी व रुंदी ए३ च्या तितकीच पट असते. म्हणून ए२ वरील नकाशा लहान करून ए३ वर घेतला, की ०.५ ची रेघ आपोआप ०.३५ ची होते आणि प्रमाण बिघडत नाही.

सन १९८२ मध्ये ऑटोकॅड ही संगणकप्रणाली प्रथम विक्रीस आली. त्या काळचे प्लॉटर खऱ्याखुऱ्या पेनांनीच रेघा ओढीत. लाल रेघ अमुक पेनाने, पिवळी तमुक पेनाने, असे प्लॉटरला सांगून ठेवावे लागे. पुढे शाईचे फवारे मारणारी व लेसरची यंत्रे आली, पेने गेली, पण रंगावरून जाडी ठरविण्याचा प्रघात टिकला. सन १९९९ मध्ये निघालेल्या ‘ऑटोकॅड २०००’ या आवृत्तीत त्यास प्लॉट स्टाइल टेबल हे रूप मिळाले. रंगांवर आधारलेल्या अशा कोष्टकास त्याच्या फाइलच्या आडनावावरून सीटीबी म्हणतात. त्यात १ ते २५५ क्रमांकांच्या रंगांसाठी २५५ नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत त्या रंगाची रेघ कागदावर कोणत्या रंगात, किती जाड आणि किती गडद छापावयाची हे लिहिलेले असते.

कृती अशी. छपाईच्या चौकटीत कोष्टकांची यादी असते. तीतील ‘मोनोक्रोम’ हे तयार कोष्टक सर्व रंग काळे छापते, परंतु रेघांची जाडी मूळ नकाशात असेल तशीच ठेवते. मूळ कोष्टकास हात न लावता त्याची प्रत निराळ्या नावाने करावी आणि तीत जाड्या भराव्यात. उदाहरणार्थ, परिमाणांसाठी लाल, म्हणजे रंग १, ०.१८ मि.मी.; दिसणाऱ्या कडा व नळ यांसाठी पिवळा, म्हणजे रंग २, ०.३५ मि.मी.; छेदलेल्या भिंतीसाठी हिरवा, म्हणजे रंग ३, ०.५ मि.मी. हा काही सार्वत्रिक नियम नव्हे. प्रत्येक कचेरीची वाटणी वेगळी असू शकते, मात्र एकदा ठरली की ती सर्वांनी पाळावी. जुने बांधकाम फिकट दाखवावयाचे असल्यास त्यासाठी एक वेगळा रंग राखून त्याची गडदता १०० ऐवजी ५० टक्के ठेवावी. शेवटी कोष्टक लागू करण्याच्या पर्यायावर खूण आहे ना हे पाहून, पूर्वदृश्य तपासून मगच छापावे.

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. एका शेजाऱ्यांच्या घरास खोली वाढवावयाची होती. तिचा नकाशा मी काढून दिला आणि जमिनीखालचा पाण्याचा नळ पिवळ्या रेघेने दाखविला. माझ्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर ती रेघ सोन्यासारखी झळकत होती. नकाशा दुसरीकडे छापावयास पाठविला, पण कोष्टक सोबत धाडावयाचे राहिले. नकाशाच्या फाइलमध्ये कोष्टकाचे केवळ नाव असते, कोष्टक नसते, हे मी विसरलो होतो. तेथील यंत्राने पिवळी रेघ पिवळीच छापली. पांढऱ्या कागदावर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. पायाचा चर खणताना गवंड्याची पहार थेट नळावर बसली आणि घरातील मंडळींस दोन दिवस शेजारच्या विहिरीवरून पाणी आणावे लागले. गवंड्याचा यात तिळमात्र दोष नव्हता. कागदावर जे दिसले नाही ते त्याने पाहावे कसे?

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. नकाशासोबत कोष्टक धाडतो, अथवा जाड्या पक्क्या झालेली पीडीएफ प्रतच देतो. क्रमांकित रंगांखेरीज मिश्रणाने केलेला, ज्यास ‘ट्रू कलर’ म्हणतात तो, रंग वापरीत नाही, कारण कोष्टकातील नोंदी त्यास लागू होत नाहीत. आणि पहिली प्रत हाती येताच ती मूळ नकाशाशी रेघ न् रेघ ताडून पाहतो.

रंगाऐवजी ‘भिंत’, ‘नळ’ अशा नावांनी छपाईचे नियम लावणारी दुसरी पद्धतही आहे. तिच्या कोष्टकास एसटीबी म्हणतात. एका नकाशास या दोहोंपैकी एकच पद्धत लागू असते. पद्धत कोणतीही असो, पडदा आपल्यासाठी आहे, कागद दुसऱ्यासाठी. आपणांस दिसले ते दुसऱ्यासही दिसेल, असे गृहीत धरू नये. ते त्यास दिसेल अशी व्यवस्था करणे हेच आरेखकाचे काम होय.