साखर उतरली म्हणजे आजार गेला नव्हे



या वेळचा अभ्यास माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. पळसदेवजवळ उजनीच्या पाण्याकाठी आमच्या ओळखीची काही आदिवासी कुटुंबं राहतात. भट्टीवर विटा थापतात, हंगामात ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्या एका मामांना मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांनी सकाळची उपाशीपोटीची साखर ११० आली. आम्ही प्रार्थना केली आणि मी आनंदाने म्हटलं, "मामा, देवाने ऐकलं, साखर उतरली!"

मामांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात पायात खिळा शिरला तो त्यांना कळलाच नाही. चप्पल रक्ताने चिकट झाली तेव्हा कळलं. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. "गोळ्या का सोडल्या?" असं विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्हीच म्हणालात ना उतरली म्हणून."

साखर त्या दिवशी उतरली होती. आजार तिथंच होता. हे मामांना नंतर त्यांच्याच ओळखीच्या गोष्टीवरून सांगितलं. धरणात पाणी चढलं की जुन्या पळसनाथाचं देऊळ दिसत नाही आणि फार आटलं की पुन्हा वर येतं. म्हणून मधल्या काळात ते नाहीसं झालेलं असतं का? मामा हसले, पण त्यांना पटलं.

एका सकाळच्या तपासणीने फसगत होते ती अशी. ती फक्त त्या वेळची साखर सांगते. तीन महिन्यांचा अंदाज एचबीए१सी या तपासणीतून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना चिकटलेली साखर यात मोजली जाते. बहुतेकांसाठी ती सातच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर हा आकडा बदलतात. मामांची अकराच्या वर होती. अशी साखर वर्षानुवर्षं राहिली की डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा जातात, आणि दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. क्षयाचा धोकाही दुप्पट-तिप्पट होतो. आपल्या वस्त्यांत हे विसरून चालणार नाही.

"पण हा तर काटकुळा, कष्टाचा माणूस, याला कसा मधुमेह?" असं मंडळीत हमखास विचारलं जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. असं शरीर मधुमेहाला लवकर बळी पडू शकतं. त्यामुळे वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका.

जेवणाबद्दल थोडक्यात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिनेही साखर वाढते. ताटात भाकरी एकाने कमी करून डाळ, पालेभाजी, अंडी किंवा उजनीची मासळी वाढवावी. दिवसातून सहा-सात कप गोड चहा मात्र सोडायलाच हवा (हे लिहिताना माझाही कप शेजारी आहे). रोज रात्री पायाचे तळवे बघावेत, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवावेत.

आणि लेंटमध्ये उपास करणाऱ्यांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर ७० च्या खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. तोडीवर दुपारचं जेवण चुकलं तरी हेच होतं. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखरेचं पाणी द्यावं.

गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. पौलाने तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यावर उपाय सुचवलाच होता. मी आता प्रार्थनेनंतर लगेच विचारते, "आजची गोळी घेतली का?"

मामा या दिवाळीनंतर पुन्हा तोडीला जाणार आहेत. पत्र्याच्या पेटीत दोन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली आहे. तिसऱ्या महिन्याच्या गोळ्या कोपीवर कशा पोहोचवायच्या, ते मुकादमाशी बोलून ठरवायचं आहे.