विशेष शिक्षक : हक्कापासून सेवेपर्यंत

दिव्यांग मुलाला शाळेत प्रवेश मिळाला की पालकांची एक चिंता संपते आणि दुसरी सुरू होते. मुलाला शिकविण्याचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक शाळेत आहेत काय, ते आठवड्यातून किती वेळा येतील आणि पुढील वर्षी तेच राहतील काय, असे प्रश्न त्यांना पडतात. वरकरणी हे प्रश्न वैयक्तिक वाटतात. वस्तुतः ते मनुष्यबळ नियोजनाचे व सार्वजनिक वित्ताचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

कायदेशीर चौकट

दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकविण्याची केंद्रीय योजना १९७४ मध्ये सुरू झाली. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारच्या दिव्यांगत्वाची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या २१ वर नेली. या अधिनियमाचे कलम १६ समावेशक शिक्षणासंबंधी आहे. कलम १७ अन्वये शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करणे आणि ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमणे अपेक्षित आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षकांची पात्रता व नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे सोपविलेली आहे.

मात्र एक उणीव दीर्घकाळ राहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण होते. विशेष शिक्षकांसाठी असे प्रमाणच नव्हते. प्रमाण नसल्याने किती पदे हवीत हे ठरत नव्हते आणि पदे मंजूर नसल्याने वेतनाची कायम तरतूद होत नव्हती.

प्रमाणनिश्चिती

रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी या उणिवेवर बोट ठेवले. त्यानंतर सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने अनुसूचीत दुरुस्ती झाली. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण निश्चित झाले. तरीही पदे भरली गेली नाहीत, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना मंजूर पदे अधिसूचित करून नियमित भरती करण्याचे निर्देश दिले.

प्रमाणामागील अंकगणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्यात १०० प्राथमिक शाळा असून त्यांत विशेष गरजा असलेली २०० मुले आहेत. प्रमाणानुसार २० विशेष शिक्षक लागतील. प्रत्येक शाळेत सरासरी दोनच मुले असल्याने एका शिक्षकाकडे पाच शाळा येतील. तो फिरता राहिला, तर पाच दिवसांच्या आठवड्यात प्रत्येक शाळेला एक दिवस मिळेल. निम्मी पदे रिक्त राहिल्यास तोच एक दिवस पंधरवड्याने येईल.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रमाण पूर्ण झाले तरी उरलेले चार दिवस मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. म्हणून वर्गशिक्षकाचे प्रशिक्षण ही पूरक नव्हे, तर मूलभूत गरज आहे. दुसरा, रिक्त पदाचा भार सर्व मुलांवर सारखा पडत नाही. ब्रेल शिकणाऱ्या मुलाचा खंड वर्गशिक्षकाला सहज भरून काढता येत नाही.

वित्तीय बाजू

शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय आहे. २०१८ पासून राबविल्या जाणाऱ्या समग्र शिक्षा योजनेत केंद्र व बहुतांश राज्यांचा वाटा ६०:४० असून ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो ९०:१० आहे. साहित्य व उपकरणे यांवरील खर्च एकवेळचा असतो. नियमित पद मात्र दीर्घकालीन दायित्व निर्माण करते, म्हणून कंत्राटी नेमणुकीकडे कल राहतो. अशा नेमणुकीत तात्पुरती बचत होते. परंतु शिक्षक सोडून गेल्यावर मुलाशी जुळलेला संवाद नव्याने उभारावा लागतो. ही किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. ती पालकांना दिसते.

पालकांचे स्थान

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले या गटात समाविष्ट झाली. समिती शाळा विकास आराखडा तयार करते. विशेष शिक्षकाच्या भेटींचे वेळापत्रक, मुलाच्या प्रगतीची नोंद व रिक्त पदांची मागणी या बाबी आराखड्यात लेखी आल्यास पालकांची तक्रार नियोजनाची माहिती ठरते. हक्कभंगाची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही करता येते.

समारोप

विशेष शिक्षणाचे यश पटावरील नोंदीने मोजणे अपुरे आहे. मंजूर पदे, भरलेली पदे आणि मुलाला प्रत्यक्ष मिळालेले शिक्षकाचे तास या तीन आकड्यांतील अंतर दरवर्षी प्रसिद्ध होणे आवश्यक आहे. पालकांची चिंता नेमकी त्या अंतराविषयी आहे.