ब्रेक कडक लागतोय? बूस्टर बदलण्याआधी पंप तपासा



समजा, कळंबमध्ये तुमचं छोटं गॅरेज आहे. सकाळी सकाळी एक जुनी डिझेल बोलेरो दारात येते. गाडी भाड्याने चालते, दुपारी पाहुण्यांना नेरळहून माथेरानच्या घाटाने दस्तुरी नाक्यावर सोडायचंय. मालक म्हणतो, "ब्रेक दगडासारखा झालाय. बूस्टर गेलाय, बदलून टाका." गिऱ्हाईकानेच निदान करून दिलंय, पार्टवर तुमचं मार्जिनही आहे. मग बदलायचा?

थांबा. बूस्टर स्वतः जोर तयार करत नाही. आतल्या रबरी पडद्याच्या एका बाजूला निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम, आणि दुसऱ्या बाजूला हवेचा दाब, त्यावर तो चालतो. पेट्रोल गाडीला हा व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेलला तो तसा मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. बोलेरो, सुमो, इंडिका अशा बऱ्याच गाड्यांत तो ऑल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. म्हणजे संशयित एक नाही, चार आहेत: पंप, नळी, वन-वे व्हॉल्व्ह आणि बूस्टर.

आता तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. त्यावर पाय हलका ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर मदत मिळतेय. तसूभरही हललं नाही, तर बूस्टरकडची नळी काढून तोंडावर अंगठा धरा. ओढ जाणवते का? नसेल, तर नळी चिरली आहे का बघा आणि तीच चाचणी थेट पंपाच्या तोंडावर करा. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच. मी तर म्हणेन, नवीन गॅरेजवाल्याने चकचकीत बोर्डाआधी गेज घ्यावा. व्हॉल्व्ह काढून फुंकून बघा, हवा बूस्टरकडून पंपाकडेच गेली पाहिजे, उलटी नाही.

ओढ आणि व्हॉल्व्ह दोन्ही ठीक, तरी पेडल कडक? किंवा पेडल दाबून धरल्यावर पायापाशी सतत 'सूं' आवाज? मग बूस्टरवर बोट ठेवा. पेट्रोल गाडीत अशी गळती झाली की इंजिन थरथरतं. डिझेल मात्र काहीच न दाखवता चालत राहतं, म्हणून तिथे जास्त फसगत होते. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर तो मास्टर सिलिंडरचा किंवा लाइनमधल्या गळतीचा प्रश्न आहे, बूस्टरचा नाही.

बूस्टर खराब ठरला तरी लगेच नवा लावू नका. तो का गेला? नळीत इंजिन ऑइल दिसलं तर पंपाचं ऑइल आत येतंय, आणि ते रबर खातं. मास्टर सिलिंडरच्या मागे ओल असेल तर ब्रेक ऑइल झिरपतंय. हे न बघता बसवलेला नवा बूस्टरही जाणार, आणि गिऱ्हाईक भांडायला तुमच्याच दारात येणार.

बदलताना चाकांना ओट लावा, पेडल मारून उरलेला व्हॅक्यूम संपवा. मास्टर सिलिंडर शक्यतो पाइप न उघडता अलगद बाजूला घ्या. पाइप उघडलेच तर हवा काढणं आलंच. आतून पेडलची पिन आणि नट सोडले की बूस्टर निघतो. नवा शेजारी ठेवून पुशरॉडची लांबी जुळवा. रॉड लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाकं तापतात. शेवटी पहिली चाचणी पुन्हा, मग सपाट रिकाम्या रस्त्यावर चक्कर. घाटात ट्रायल नको.

धंद्याचं म्हणाल, तर तपासणीचे पैसे बिलात वेगळे लिहा आणि काम सुरू करण्याआधीच सांगा. नळीवरच भागलं तर बिल छोटं होईल, होऊ द्या. दुपारचं भाडं मात्र मालकाला दुसऱ्या गाडीवर द्यायला सांगा, काम संपेपर्यंत चावी तुमच्याकडे. आणि काढलेला जुना पार्ट न मागता त्याच्या डिकीत ठेवा.