पहारा एकट्याने होत नाही

सज्जनहो, सप्ताहात वीणा रात्रंदिवस जमिनीला टेकत नाही. पण ती एकाच्याच गळ्यात नसते. पहारा सरला की दुसरा येतो, पाया पडून वीणा घेतो. उतरणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. मग हाच न्याय दिव्यांग मुलांच्या आईबापांना आपण का लावत नाही?

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताचे मूल घ्या. त्याला भरवायचे, उचलायचे, रात्री कूस बदलून द्यायची. मूल वाढते तसे वजन वाढते. आईची कंबर तीच राहते. लोक म्हणतात, "बाई, तुझी सेवा थोर!" आणि चहा पिऊन निघून जातात. स्तुतीने का कुठे झोप भरून निघते?

खुणा ओळखाव्या. वेळ मिळूनही झोप येत नाही, लेकरावर उगाच राग येतो, मागून मन खाते, भजनातही जीव रमत नाही. ही माया आटल्याची खूण नव्हे. देह आणि मन झिजल्याची आहे.

उपाय आधीच करावा. पहिला, घरातल्या आणखी दोघांनी तरी सगळी निगा शिकून घ्यावी. भरवताना मूल ताठ बसवावे, घास लहान द्यावा. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावाव्या. बापाने नुसता पैसा आणून मोकळे होऊ नये. दुसरा, आठवड्यात आईच्या सुटकेचे तास ठरवावे व ते मोडू नयेत. तिसरा, दोन आठवडे उदासी हटली नाही तर डॉक्टर गाठावा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस विनामूल्य आहे.

"आमच्यामागे याचं कोण?" ही चिंता सर्वांत जड. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो. त्यांच्यासाठी निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमाही आहे. जिल्हाधिकारी कचेरीत चौकशी करावी.

बाकीच्यांनी काय करावे? आम्ही म्हणतो, हात जोडून स्तुती नको. दारात जाऊन एवढेच म्हणा, "वहिनी, मंगळवारी दुपारी दोन तास मी बसते. भरवायचं कसं, तेवढं आज दाखवून ठेवा."