जत्रेतील पाळण्यापासून रोलर कोस्टरपर्यंत

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नड भाषेत तिला 'कडलेकायी परिषे' असे म्हणतात. प्राचीन नंदीच्या देवळाजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग लागतात आणि त्यांच्या आडोशाला खेळणी, फुगे, पाळणे यांची गर्दी होते. महाराष्ट्रातील मनुष्याला हे दृश्य परके वाटत नाही. गावोगावच्या यात्रेत पाळणा असतोच. लहान लाकडी पाळणा तर माणसे हातांनी फिरवीत. वर गेलेले मूल रडू लागले, की आई खालून हाक मारी आणि पाळणेवाला वेग कमी करी. यंत्र आणि मनुष्य यांच्यातील अंतर तेव्हा एका हाकेचे होते.

त्याच बेंगळुरूपासून मैसूरु रस्त्याने सुमारे 28 किलोमीटर गेले, की बिडदी हे गाव लागते. येथे 2005 साली 'वंडरला' हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. उद्यानाचा विस्तार सुमारे 82 एकर असून पाण्यातील व जमिनीवरील मिळून साठ-एक खेळ तेथे आहेत. त्याचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलापिल्ली हे मूळचे केरळचे. विजेचा दाब स्थिर राखणारी उपकरणे बनविण्याचा उद्योग त्यांनी 1977 मध्ये उभारला आणि 2000 साली कोचीजवळ पहिले उद्यान काढले. विजेच्या उपकरणांकडून पाळण्यांकडे वळणे वरवर विचित्र वाटेल. परंतु अशा उद्यानाचा खरा कारभार यंत्रशाळेतच चालतो.

या कल्पनेचे मूळ युरोपात आहे. कोपनहेगन येथील तिवोली उद्यान 1843 मध्ये उघडले. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने 264 फूट उंचीचे चक्र उभे केले. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत. पुढे 1955 मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात 'डिस्नेलँड' सुरू केले. त्यांची दृष्टी वेगळी होती. खेळ सुटे-सुटे न ठेवता एका कथेच्या आवारात गुंफावेत, असा त्यांचा आग्रह होता. 1971 मध्ये फ्लोरिडात त्याहून विशाल उद्यान झाले. इंग्लंडमधील कुटुंबे वर्षभर पैसे साठवून, आठ-नऊ तासांचा विमानप्रवास करून तेथे जातात आणि पंधरा-पंधरा दिवस राहतात. दक्षिण महाराष्ट्रातील किंवा बेळगावकडील कुटुंबाची सहल यापुढे लहान दिसेल. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला यावे, नातलगांकडे उतरावे, एक दिवस लालबाग पाहावी आणि एक दिवस उद्यानात घालवावा. साठवणूक मात्र तिचीही असते. चार माणसांची प्रवेशपत्रे, जेवण आणि जाणे-येणे यांचा हिशेब घरी आधी मांडला जातो.

भारतात दिल्लीचे 'अप्पू घर' 1984 मध्ये सुरू झाले. ते 2008 साली बंद पडले. मुंबईजवळ गोराईला 'एस्सेलवर्ल्ड' 1989 मध्ये आणि खोपोलीजवळ 'इमॅजिका' 2013 मध्ये उघडले. जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. अशा मोठ्या उद्यानांत बहुधा एकाच प्रवेशपत्रावर दिवसभर खेळता येते. त्यामुळे खर्च पैशांचा कमी आणि वेळेचा अधिक जाणवतो, कारण दिवसाचा मोठा भाग रांगेत जातो.

आता रोलर कोस्टरकडे वळू. बहुतेकांना वाटते, की गाडीला जोरदार इंजिन असते. नेहमीच्या प्रकारात तसे काही नसते. एक साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. चढताना साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते. तीस मीटर उंचीवरून सुटलेल्या गाडीचा वेग, घर्षण सोडून दिल्यास, तळाशी ताशी सुमारे 87 किलोमीटर होतो. घर्षणाने आणि हवेच्या विरोधाने ऊर्जा सतत घटत असल्यामुळे पुढचे चढ पहिल्यापेक्षा ठेंगणेच ठेवावे लागतात. माथ्यावरून खाली झेपावताना पोटात गोळा येतो, कारण क्षणभर आसनाचा आधार शरीराला जवळजवळ मिळत नाही. गाडी रुळावरून उडत नाही, कारण चाके तीन प्रकारची असतात: काही रुळाच्या वर, काही बाजूला आणि काही खालून रुळाला धरून ठेवणारी. उलट्या वळणाचा आकार पूर्ण गोल नसून पाण्याच्या थेंबासारखा असतो. पूर्ण गोलात शिरताना मानेवर व पाठीवर फार मोठा दाब आला असता.

प्रवेशद्वारी मुलाचे वय न विचारता उंची मोजली जाते, यावर अनेक पालक रुसतात. शेजारचे मूल आत जाते आणि आपले बाहेर राहते, याचे वाईट वाटणे साहजिक आहे. तथापि सुरक्षा-दांडा शरीरावर नेमका कोठे बसेल, हे वयावर नव्हे तर शरीराच्या मापावर ठरते. टाचा उंचावून किंवा जाड तळव्याचे बूट घालून रेषा गाठणारे मूल दांड्याखालून निसटू शकते. पाण्यातील खेळांसाठी सुती वस्त्रे नाकारून नायलॉनची मागितली जातात, त्यालाही कारण आहे. तेच पाणी गाळून पुनःपुन्हा वापरले जाते आणि सुताचे तंतू गाळणीत अडकतात. साडीचा पदर, ओढणी व मोकळे केस यांचा धोका त्याहून गंभीर आहे. 2018 मध्ये हरियाणातील पिंजोर येथे गो-कार्ट या लहान गाडीच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला.

यंत्राची चूकही नाकारता येत नाही. जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरिया येथे लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून माणसे दगावली व अनेक जण जखमी झाले. मे 2024 मध्ये राजकोटच्या एका खेळघराला आग लागली. तीत पंचवीसहून अधिक जीव गेले आणि त्यांत लहान मुलेही होती. तेथे अग्निशमन विभागाचा परवानाच नव्हता, हे नंतर उघड झाले. परवाना आहे का, बाहेर पडण्याचे दुसरे दार कोठे आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. रांगेतील कोणी हसले तरी विचारावे.

चांगल्या उद्यानात लोक आत येण्यापूर्वीच काम सुरू झालेले असते. तंत्रज्ञ रुळांवरून नजर फिरवितात, खिळे व जोड तपासतात आणि दांडे ओढून पाहतात. मग गाडी रिकामीच सोडली जाते. ती चढते, कोसळते, उलटी होते आणि फलाटावर परत येऊन थांबते. नोंदवहीत सही होते. त्यानंतरच पहिली रांग आत घेतली जाते.

स्वाध्याय
1. रोलर कोस्टरचा पहिला चढ सर्वांत उंच का असतो?
2. मुलाची उंची कमी असल्यामुळे त्याला खेळात घेतले नाही. त्याच्या पालकाची समजूत तुम्ही कशी घालाल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
3. तुमच्या गावच्या जत्रेतील एका पाळण्याचे निरीक्षण करून त्याच्या सुरक्षिततेविषयी टिपण तयार करा.